डाव्या खांद्यातलं पॅड

मी टेलर आहे. बायकांचे आणि मुलांचे कपडे शिवते, कोटही शिवते. माझ्या हातचा कोट घातला की पोक आलेली बाईसुद्धा ताठ दिसते, असं गल्ली म्हणते, मी नाही. आपलं कौतुक आपणच करू नये हे कळतं मला. पण पुढं जे सांगायचंय त्यात कौतुकासारखं काही नाही, म्हणून एवढं आधी उरकून घेतलं.

माणूस दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, हे डॉक्टरच्या आधी टेलरला कळतं. ज्या हातानं पिशव्या उचलायच्या तो खांदा उतरतो. दिवसभर फोन कानाशी धरून बसणाऱ्याची मान एकीकडं कलते. माझाच उजवा खांदा कात्री चालवून चालवून डाव्यापेक्षा बोटभर खाली आलाय. ज्या मास्तरांकडं मी शिकले त्यांची शिस्त अशी, की ट्रायलला गिऱ्हाईक उभं राहिलं की कुठला खांदा पडलाय ते हेरायचं, वहीत लिहायचं, आणि त्या बाजूला अस्तरात पॅड घालून गप्प बसायचं. "बाई, तुमचा खांदा पडलाय" असं तोंडावर सांगणारा टेलर उपाशी मरतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. तीस वर्षं मी हे इमानानं पाळलं, आणि त्या इमानापायी माझ्या भाचीची साडेतीन वर्षं गेली.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. वय चौदा. एका जागी ठरत नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात. धाकटी पोस्टात काउंटरवर असते, तिचा नवरा बोटीवर, आठ-आठ महिने घरी नसतो. त्यामुळं पोर निम्मी माझ्याच दुकानात वाढली. कापडाच्या ढिगावर झोपायची, बटणं गिळायला बघायची, आणि मी ओरडले की माझ्याच पायाला मिठी मारायची. तिच्या अंगावरचा एकूण एक कपडा मी शिवलाय. फक्त पोहण्याचा पोशाख मला जमत नाही. तो दुकानातून आणला, आणि तिथंच पितळ उघडं पडलं.

शाळेत पोहणं सुरू होऊन आठवडा झाला असेल. पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी चिठ्ठी पाठवली. 'मुलीची पाठ एका बाजूला वळल्यासारखी दिसते. डॉक्टरांना दाखवावी.' धाकटी ती चिठ्ठी घेऊन हसतच दुकानात आली.

"ताई, वाच. म्हणे वाकडी! आमची भिंगरी! तुझ्या शर्टात बघावं तिला त्या बाईनं एकदा." मग जरा थांबून म्हणाली, "आणि तसं काही असतं तर तुला दिसलं नसतं का गं?"

मी मशीनच्या सुईत दोरा ओवत होते. तो एरवी पहिल्या झटक्यात जातो. त्या दिवशी चार वेळा हुकला.

"दाखवून ये हवं तर," मी म्हणाले. बस, एवढंच म्हणाले.

एक्स-रे काढला, तेव्हा पाठीचा कणा मधूनच उजवीकडं गेलेला आणि खाली परत डावीकडं वळलेला. हाडांच्या डॉक्टरांनी कोन मोजला, अडतीस अंश. त्यांनी धाकटीला जे सांगितलं ते मी शब्दाशब्दानं सांगू शकते, कारण तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. म्हणाले, "आपण अगदी सीमेवर आहोत. हे वर्षभरात एवढं वाढलं असेल तर थांबण्यात अर्थ नाही, ऑपरेशन करून कणा सळयांनी धरावा लागेल. पण तीन-चार वर्षांत हळूहळू आलं असेल, आणि तिची उंची आता भरत आली असेल, तर पाठीला कडक पट्टा बांधून आणि व्यायाम करून बघता येईल. जुना एखादा एक्स-रे आहे का? काहीही जुनं?"

एक्स-रे कुठला असणार? पोर कधी पडली नाही, मोडली नाही.

"मग सहा आठवडे व्यायाम करा, स्नायू तपासून घ्या, घरातले जुने फोटो शोधा. त्यानंतर ठरवू."

जुनं काही? माझ्या दुकानात, मशीनच्या खणात, हिरव्या पुठ्ठ्याची मापाची वही होती. त्यात भिंगरीचं पान होतं. दर सहा महिन्यांनी शाळेचा नवा शर्ट, म्हणजे दर सहा महिन्यांनी माप. साडेदहाव्या वर्षी डावा खांदा पाव इंच खाली. पाव इंच म्हणजे काही नाही, तेवढा सगळ्यांचा असतो. मग अर्धा. मग पाऊण. मग परत पाऊण. मग एक. मग सव्वा, आणि शेवटी परत सव्वा. प्रत्येक आकड्यासमोर मी पॅडची जाडी लिहिली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं; फक्त इथं कळसा कुठं आहे हे मला पक्कं माहीत होतं, आणि मी मिठाची गुळणी धरून बसले होते.

तुम्ही म्हणाल, तेव्हा का नाही बोललीस? खरं सांगायचं तर अर्धा इंच झाला तेव्हा मला वाटलं दप्तर एका खांद्यावर घेते म्हणून असेल. पाऊण झाला तेव्हा तसं वाटलं नाही. कंबरही एकीकडून आत गेली होती. तेव्हा सांगायचं ठरवलं होतं मी. पण त्याच आठवड्यात शाळेचा कार्यक्रम झाला, भिंगरीनं माझ्या हातचं राखाडी जाकीट घातलं होतं, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी म्हणे सगळ्यांसमोर विचारलं, हे कुणी शिवलं? धाकटी माझ्या गळ्यात पडली. "ताई, काय ताठ दिसत होती गं पोर!" त्या जाकिटावर मला तीन कोटांची कामं मिळाली. तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळलं. आणि एकदा गिळल्यावर पुढच्या वेळी सांगायचं म्हणजे मागच्या वेळी का नाही सांगितलंस, हे आलंच. दर सहा महिन्यांनी सांगणं अवघड होत गेलं आणि पॅड जाड होत गेलं. मनाला लाज वाटत नव्हती असं नाही. पण लाज वाटणं आणि तोंड उघडणं यांत फार अंतर असतं.

धाकटीला काउंटर सोडून रोज येता येईना, म्हणून भिंगरीला व्यायामाला न्यायचं माझ्याकडं आलं. व्यायामाची खोली साधीच होती. निळ्या गाद्या, भिंतीवर आरसा, खुंटीला लटकवलेले रंगीबेरंगी रबरी पट्टे, मध्ये एक बिनपाठीचं स्टूल. तिथल्या मॅडम पंचविशीच्या असतील. केस आवळून बांधलेले, हसायच्या तेही मोजून.

"शर्ट छान बसलाय गं," त्या भिंगरीला म्हणाल्या. "कुठून घेतला?"

"मावशीनं शिवला. टेलर आहे ती," भिंगरीनं फुशारकीनं सांगितलं.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "मग मापं तुम्हीच घेता. तुमच्या कधी लक्षात नाही आलं? खांदा खाली, कंबर एकीकडून आत?"

त्यांनी काही टोमणा मारला नव्हता. सरळ विचारलं होतं. सांगायला याहून सोपी वेळ देवानंही दिली नसती.

"नाही बाई," मी म्हणाले. "एका जागी उभी राहते कुठं ही! माप घेईपर्यंत तीन गिरक्या होतात."

भिंगरी हसली. मॅडमही हसल्या. मी पण हसले, काय निर्लज्ज असेन मी! आणि मग मॅडमनी तिला शर्ट काढायला सांगितला आणि पाठ आमच्याकडं करून स्टुलावर बसवलं.

साडेतीन वर्षं मी त्या पाठीवरून टेप फिरवली होती, पण नेहमी बनियनवरून. उघडी पाठ तेव्हा पहिल्यांदा पाहिली. उजवं पातं फुगून वर आलेलं, डावीकडं खड्डा, आणि मधून कण्याची रेघ वळत गेलेली. मॅडमनी कण्याच्या दोन्ही बाजूंना गोल चिकट टिकल्या लावल्या, त्यांना वायरी जोडल्या, आणि पडद्यावर दोन रेषा उमटल्या. वरची उजव्या बाजूची, खालची डाव्या.

"स्नायू जोर लावतो तशी रेघ थरथरते," मॅडमनी समजावलं. "हं, आधी नेहमीसारखी ढेपाळून बस."

दोन्ही रेषा निपचित पडल्या.

"आता ताठ."

वरची रेघ उसळली. खालची जरा हलली आणि परत झोपली.

"बघितलंत? उजवीकडचा स्नायू एकटाच राबतोय. डावा आळशी झालाय." मग त्यांनी तिच्या हातात रबरी पट्टा दिला. आधी दोन्ही हात वर करायला लावले, मग एकच. एक हात उचलला की तोल सांभाळायला पाठीत दुसऱ्या बाजूला ताण येतो, म्हणून कुठला हात, किती वर, बसून की ओणवं होऊन, याला फार महत्त्व आहे, असं त्या म्हणाल्या. शेवटी भिंगरीला गादीवर गुडघे आणि तळवे टेकवून एक हात पुढं करायला सांगितला. आणि खालची रेघ जागी झाली. वरच्या इतकी नाही, पण जागी झाली.

"ही तुझी जागा," मॅडम म्हणाल्या. "इथून सुरुवात करायची. दिवसातून तीनदा, वीस-वीस वेळा."

पोरीनं ते सहा आठवडे असे काही केले, की मी तोंडात बोट घातलं. जी एक मिनिट गप्प बसत नव्हती ती दुकानाच्या मागच्या खोलीत घामाघूम होऊन हात पुढं धरून राहायची. दंड थरथरायचा, ओठ दाताखाली. "मावशी, अठरा झाले का एकोणीस?" मी सांगायची एकोणीस. दर आठवड्याला मॅडम टिकल्या लावायच्या, आणि खालची रेघ थोडी थोडी वर यायला लागली होती. एकदा मॅडम सहज म्हणाल्या, "मोठी गुणी आहे. हिला दोन-तीन वर्षं आधी आणली असती ना, तर कदाचित पट्टासुद्धा लागला नसता." मी खाली वाकून चपलेचा बंद बांधला. तो सुटलेला नव्हता.

मग फोटो आले. धाकटीनं एका रविवारी सगळा डबा आणून माझ्या कटिंगच्या टेबलावर उलटा केला. वाढदिवस, शाळेचे गट, सहली. एकेक फोटो उजेडाला धरून ती बघायची.

"हा बघ, अकरा वर्षांची. सरळ. हा बाराचा. सरळ. हा गेल्या वर्षीचा, नव्या शर्टातला. काय ताठ आहे बघ!" तिचा आवाज चिरकला. "ताई, म्हणजे हे सगळं याच वर्षातलं. एवढं भराभर वाढतंय. म्हणजे ऑपरेशनच."

मी त्या फोटोंकडं बघत होते. प्रत्येकात माझंच शिवण. प्रत्येकात डाव्या खांद्यात माझं पॅड, आणि कंबर झाकायला एका बाजूनं सोडलेलं कापड. एवढं उत्तम काम मी आयुष्यात केलं नव्हतं. धाकटी टेबलावर डोकं ठेवून रडली आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं असेल, मोठी बहीण आहे म्हणून आधार आहे. टेबलाशेजारच्या मशीनचा, वही असलेला खण माझ्या गुडघ्याला लागत होता. तेव्हा तरी उघडावा ना? नाही उघडला.

डॉक्टरांकडं जायच्या दिवशी सकाळी मी वही पिशवीत टाकली. काढली. परत टाकली. तिथं बाकड्यावर आम्ही तिघी बसलो तेव्हाही मी मनात म्हणत होते, न बोलताच भागलं तर बघावं. असं असतं माणूस.

आत डॉक्टरांनी फोटो पत्त्यांसारखे मांडले, व्यायामाच्या मॅडमचा कागद वाचला, म्हणाले स्नायूंची प्रगती चांगली आहे. मग चष्मा काढला.

"पण या फोटोंवरून तरी गेल्या वर्षापर्यंत पाठ सरळ होती. वर्षात अडतीस म्हणजे वेग फार आहे. मला वाट बघायची भीती वाटते. पुढच्या महिन्यात तारीख बघू या."

धाकटीनं माझा हात घट्ट धरला. तिची बोटं गार पडली होती. भिंगरीनं डॉक्टरांना विचारलं, "मग मला पोहता येईल?" डॉक्टर म्हणाले, "वर्षभर नाही. नंतर बघू. पाठ पूर्वीसारखी वाकणार मात्र नाही."

तिनं नुसती मान हलवली, मोठ्या बाईसारखी. आणि मला ते सहन झालं नाही.

"वर्षातलं नाही हे," मी म्हणाले. आवाज माझा नव्हताच. "साडेतीन वर्षांचं आहे. माझ्याकडं मापं आहेत."

वही टेबलावर ठेवली. पान उघडून दिलं. डॉक्टरांनी बोट ठेवून एकेक आकडा वाचला.

"हे तुम्ही मोजलंत? दोन्ही खांदे वेगवेगळे? कशासाठी?"

"पॅड किती जाड घालायचं ते ठरवायला."

"पॅड?" धाकटी म्हणाली. "कुठलं पॅड?"

मी उत्तर द्यायच्या आत भिंगरीनं उजव्या हातानं आपला डावा खांदा चाचपला. शर्टाच्या आतून चिमटीत पकडून दाबून बघितलं. मग दुसऱ्या खांद्याला हात लावून बघितला.

"हे सगळ्यांच्या शर्टात नसतं?" तिनं विचारलं.

धाकटीनं माझा हात सोडला. झिडकारला नाही, नुसता सोडला, आणि आपले दोन्ही हात मांडीवर घेतले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं म्हणतात. मला ते म्हणण्याचाही हक्क नव्हता.

डॉक्टर भला माणूस. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. बराच वेळ कागदावर काहीतरी मांडत बसले. मग म्हणाले, "टेपच्या मापावर मी ऑपरेशन ठरवतही नाही आणि रद्दही करत नाही. पण शेवटच्या दोन मापांत फरक नाही. हे खरं असेल तर वेग मंदावलाय. तारीख आत्ता नको. पट्टा बनवून घेऊ, व्यायाम चालू ठेवू, चार महिन्यांनी परत एक्स-रे. मला थांबायला कारण मिळालं." आणि वहीवर टिचकी मारून म्हणाले, "हे आधी मिळालं असतं तर फार बरं झालं असतं."

"हो," मी म्हणाले.

बाहेर फाटकापाशी धाकटी थांबली. भिंगरी पुढं गेली होती. धाकटीनं माझ्याकडं न बघता विचारलं, "किती ट्रायली झाल्या?"

"सात."

"सातही वेळा मी समोर बसून चहा पीत होते ताई. तुझ्या तोंडात टाचण्या होत्या आणि मी पोस्टातल्या गमती सांगत होते." तिनं डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "परक्या बाईला नाही सांगत, ते कळतं मला. पण मी काय तुझी गिऱ्हाईक होते?"

मी "चुकलं माझं" म्हणाले. दोनदा म्हणाले. ती गेली.

तीन आठवडे तिनं फोन घेतला नाही. व्यायामाला ती स्वतः न्यायला लागली, रजा काढून. मी दुकानात बसून राहायची. कोटाचं एक काम आलं, बाईचा उजवा खांदा अर्धा इंच पडलेला. मी कशीबशी हिंमत करून म्हणाले, "बाई, एकदा डॉक्टरांना दाखवा." ती फणकारली, "शिवायचं तर शिवा," आणि कापड उचलून चालती झाली. जाऊ दे म्हटलं. पण त्यानं माझं काही हलकं झालं नाही. परक्या बाईला सांगायला काय जातंय?

मग एका शनिवारी दुपारी भिंगरी एकटीच आली. अंगावर दुकानातून घेतलेला तयार शर्ट होता. डाव्या खांद्यावर लोंबत होता, उजव्या पात्यावर ताणलेला, आणि आत पट्ट्याची कडा दिसत होती. कुणालाही लांबून कळावं, इतकं उघड. माझा हात सवयीनं खडूकडं गेला. मी तो मागं घेतला.

"घरी मोठा आरसा नाही," ती म्हणाली. "मॅडम म्हणाल्या आरशासमोर कर. आईला सांगून आलेय."

"ये ना. ये." मी आरशासमोरचे गठ्ठे भराभरा बाजूला केले, फरशी पुसली, नको इतकी पुसली. तिनं पट्टा काढून खुर्चीवर ठेवला, ओणवी झाली आणि हात पुढं धरून मोजायला लागली. आठ झाल्यावर थांबली आणि टाचांवर बसली.

"मावशी, एक विचारू? मी वाकडी उभी राहायचे म्हणून झालं का हे?"

"नाही गं! कुणी सांगितलं तुला?"

"तू म्हणायचीस ना. प्रत्येक ट्रायलला. 'नीट उभी राहा गं, तुझ्यामुळं शर्ट वाकडा दिसतो.' म्हणून मी शाळेतून आले की भिंतीला टेकून उभी राहायचे. डावा खांदा वर ओढून, शंभर आकडे. दोन वर्षं केलं. आईला पण नाही सांगितलं. दुखायचं खूप. पण मला वाटायचं, मावशी एवढं चांगलं शिवते आणि मी घालवते."

हे मला खरंच माहीत नव्हतं. आणि म्हणायचे मी तसं. नक्की म्हणायचे. तोंडात टाचण्या धरून, पाठीवर चापटी मारून म्हणायचे, समोर धाकटी बसलेली असायची म्हणून. तिला काही दिसलंच, तर पोरीच्या उभं राहण्यावर जावं, माझ्या गप्प बसण्यावर नाही, म्हणून. हे मी स्वतःशीसुद्धा कधी बोलले नव्हते.

मी स्टुलावरून उठले आणि तिच्यासमोर फरशीवर बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"भिंगरी, तू नीटच उभी राहत होतीस. मला ते दिसत होतं. सगळं दिसत होतं, आणि माझं झाकायला मी ते तुझ्यावर ढकललं. तुझं काही चुकलं नाही. मी खोटं बोलले."

तिनं कपाळावरचा घाम बाहीनं पुसला. रडली नाही, चिडलीही नाही.

"माहितीये," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलं मला, उभं राहण्यानं असं होत नाही म्हणून."

"मग मला कशाला विचारलंस?"

"तू सांगतेस का ते बघायचं होतं."

मग ती परत ओणवी झाली, आरशात बघून पाठ जमेल तेवढी सरळ केली, आणि राहिलेले बारा पूर्ण करायला लागली. आकडे ती स्वतःच मोजत होती. मला विचारले नाहीत, आणि मला मान वर करून आरशात बघवलं नाही.